पंचनाम्याला बीप वाजत नाही

गुन्हेगारी मालिकांमधला संगणक ही वेगळीच जात आहे. तो सुरू करावा लागत नाही, सुरूच असतो. त्याला अपडेट येत नाही, प्रिंटर सापडत नाही अशी कुरकुर तो करत नाही आणि त्याच्या माउसला हात लावायची वेळ कुणावर येत नाही. साहेबांनी ‘पता करो’ एवढं म्हटलं की कोपऱ्यातली एक चुणचुणीत मुलगी कीबोर्डवर बोटं नाचवते, पडद्यावर हिरवी अक्षरं पळतात, अक्षरागणिक बीप वाजतो, आणि संशयिताचं नाव, पत्ता, रक्तगट नि तो या क्षणी ज्या गोदामात लपलाय त्याचा नकाशा असं सगळं एका दमात हजर होतं. आमच्या घरचा संगणक पेन्शनची स्लिप दाखवायलाही आधी वाकड्यातिकड्या अक्षरांचा कॅप्चा सोडवून घेतो, आणि मग तो चुकला म्हणून सांगतो.

हे मी मालिका चालू असताना मोठ्याने बोलतो. त्यामुळे रात्री दहानंतर मला हॉलमध्ये प्रवेश असतो, पण मत नसतं. घरात या मालिकांच्या भक्त दोघी, बायको आणि माझी आत्या. आत्याने ‘सीआयडी’ १९९८च्या जानेवारीत सोनीवर सुरू झाली तेव्हापासून धरली. दीड हजारांहून जास्त भाग झाल्यावर २०१८मध्ये ती बंद पडली, तेव्हा टीव्हीचं रिचार्ज आता कशाला, असं तिने विचारलं होतं. २०२४च्या डिसेंबरात मालिका परत आली आणि रिचार्जही. शिवाजी साटम बँकेतली नोकरी सांभाळून नाटकं करत वर आले, हे तिला पाठ आहे, त्यामुळे ते साकारतात त्या एसीपी प्रद्युम्न यांच्या शब्दावर तिच्या लेखी अपील नाही. मालिकेतल्या दयाने दार तोडलं की मी विचारतो, या दाराचा पंचनामा कोण करणार? बायको म्हणते, ‘अहो, तुम्ही आत जाऊन पेपर वाचा ना.’

पण आत जाऊन पेपर वाचणं मला जमत नाही, कारण माझी हयात टेलिफोन खात्यात गेली आणि दर दोन-तीन भागांआड माझ्या खात्याची बेअब्रू होते. खंडणीखोराचा फोन येतो. दिवाणखान्यात सगळे श्वास रोखून उभे. हेडफोन लावलेला एक तरुण लॅपटॉपसमोर बसलेला. साहेब हाताने शेठजींना खुणावतात की बोलत राहा, तोडू नका. शेठजी घाम पुसत बोलतात. पडद्यावर आधी भारत दिसतो, मग महाराष्ट्र, मग मुंबई, मग अंधेरी. लाल ठिपका इमारतीवर टेकणार, एवढ्यात पलीकडचा फोन ठेवतो. तरुण हेडफोन काढून म्हणतो, ‘दोन सेकंद कमी पडले, सर!’

कसले दोन सेकंद? ते दोन सेकंद एकेकाळी खरे होते, आणि त्या सेकंदांत मी स्वतः धावलो आहे. जुनं स्ट्रोजर एक्स्चेंज म्हणजे लोखंडी रॅकच्या रांगा नि त्यांवर शेकडो सिलेक्टर. तुम्ही घरी डायल फिरवलीत की एकेका आकड्यासरशी इथे एकेक सिलेक्टर टकटक करत वर चढायचा, आडवा वळायचा आणि पुढच्याला गाठायचा. कुणा बाईंना रात्री-अपरात्री छळणारे फोन येतात अशी तक्रार आली की आम्ही त्यांच्या नंबरच्या फायनल सिलेक्टरपाशी दबा धरायचो. फोन आला की उलटा प्रवास सुरू. फायनलवरून मागच्या सिलेक्टरवर, तिथून त्याच्या मागच्यावर, हातात बॅटरी, रॅकच्या बोळांतून पळत, शिडीवर चढत. कॉल दुसऱ्या एक्स्चेंजमधून आलाय असं निघालं की तिथल्या ड्यूटीवरच्या माणसाला फोन लावायचा. तो चहाला गेलेला असायचा. आणि छळणाऱ्याने रिसीव्हर ठेवला रे ठेवला की सगळे सिलेक्टर खडखडत आपापल्या जागी परत यायचे नि माग पुसला जायचा. म्हणून ‘बाई, त्याला बोलण्यात गुंतवा’ असं खरोखर सांगावं लागायचं. एका बाईंनी गुंतवता गुंतवता त्याचं शिक्षण, पगार, आईची तब्येत आणि अजून लग्न का नाही, इथवर चौकशी नेली. तो असा घाबरला की पुन्हा फोन केला नाही. तो कोण, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, पण तक्रार निकाली निघाली.

या यंत्राचा जनकही गुन्हेकथेत शोभावा असाच. अल्मन स्ट्रोजर अमेरिकेत कॅन्सस सिटीत अंत्यविधीची कामं घेणारा व्यावसायिक. एक्स्चेंजमधली ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं परस्पर प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय आला म्हणतात. दुसरा कोणी असता तर बाईवर पाळत ठेवली असती. याने ऑपरेटरच लागू नये असं एक्स्चेंज शोधून काढलं आणि १८९१मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. हे कुठल्या मालिकेत दाखवलं तर प्रेक्षक म्हणतील, काहीही दाखवतात.

पुढे ऐंशीच्या दशकात आपल्याकडे फ्रेंच तंत्राची ई-टेन-बी एक्स्चेंज आली, १९८४मध्ये सी-डॉटची स्थापना झाली, आणि बघता बघता सिलेक्टरांची टकटक थांबली. इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजला कॉल कुठून येतोय हे घंटी वाजण्याआधीच ठाऊक असतं. खंडणीखोराने ‘हॅलो’ म्हणून लगेच ठेवला तरी नोंद होऊन बसलेली असते. म्हणजे शेठजींनी उगाच घाम गाळला. पण ही सुधारणा पटकथालेखकांपर्यंत अजून पोचलेली नाही. त्यांच्या मालिकेत मोबाइलही स्ट्रोजरवर चालतो.

पोलिसांकडे खऱ्या तपासात येतो तो सीडीआर. कोणी कोणाला, किती वाजता, किती वेळ, कोणत्या हँडसेटवरून आणि कोणत्या टॉवरखालून फोन केला, याची यादी. त्यात बोलणं नसतं. हे मी सोसायटीत दोनदा समजावून सांगितलं, तेव्हा काही नवऱ्यांच्या चेहऱ्यावर जी शांती पसरली ती मला कुठल्याही कीर्तनानंतर दिसलेली नाही. हा तपशील कंपन्यांनी निदान दोन वर्षं जपून ठेवावा, असा २०२१पासून नियम आहे. तो मागायला वरिष्ठ अधिकाऱ्याचं पत्र लागतं, पत्र कंपनीच्या नोडल ऑफिसरकडे जातं, आणि उत्तरादाखल जी वस्तू येते ती म्हणजे एक एक्सेल शीट. हजारो ओळींची. लाल ठिपका नाही, नकाशा नाही, बीप तर नाहीच. कोणी एक पोलीस शिपाई चष्मा कपाळावर सरकवून, फिल्टर लावून, पिवळा रंग भरत ती चाळत बसतो. टॉवर लोकेशन शहरात काहीशे मीटरांचा पट्टा दाखवतं, खेड्यात काही किलोमीटरांचा. ‘आरोपी या शिवारात कुठेतरी उसात आहे’ इथवर विज्ञान आणून सोडतं. पुढे चिखलातून चालत जायचं असतं.

‘सॅटेलाइटवरून ट्रॅक करा’ हा आणखी एक आवडता आदेश. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळ सांगत फिरतात, बस. तो आवाज ऐकून आपण कुठे आहोत याचा हिशेब मांडतो तो तुमच्या खिशातला फोन. वरच्या उपग्रहाला तुम्ही आहात हेसुद्धा माहीत नसतं. पण बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘मग तो इन्स्पेक्टर वर बघून का बोलत होता?’ याला माझ्याकडे शास्त्रीय उत्तर नव्हतं.

आमचा भाचा आयटीत आहे. त्यामुळे नातेवाइकांत तो ‘हॅकर’ समजला जातो, आणि लग्नकार्यात कोणी ना कोणी त्याला कोपऱ्यात घेऊन विसरलेल्या पासवर्डसाठी साकडं घालतं. तो म्हणतो, मामा, उगाच आपल्या मालिकांना नावं ठेवू नका, अमेरिकेत याहून भारी आहे. ‘एनसीआयएस’ नावाच्या गाजलेल्या मालिकेच्या २००४मधल्या एका भागात संगणकावर हल्ला होतो, तेव्हा दोन तज्ज्ञ तो परतवण्यासाठी एकाच कीबोर्डवर एकाच वेळी टाइप करायला लागतात. बोटं वीस, कीबोर्ड एक. शेवटी त्यांचा साहेब येतो आणि सरळ प्लग उपटतो. त्या खोलीत संगणक कळणारा एवढाच एक माणूस होता. ‘सीएसआय: न्यूयॉर्क’मधल्या एका दृश्यात खुन्याचा आयपी ॲड्रेस शोधण्यासाठी व्हिज्युअल बेसिकमध्ये ‘जीयूआय इंटरफेस’ बनवायचं ठरतं. भाचा हे सांगताना हसून हसून सोफ्यावरून घसरला. मला काहीच कळलं नाही. मग त्याने मराठीत सांगितलं, चोर पळालाय आणि पोलीस म्हणतायत, थांबा, आधी चौकीला रंग काढून घेऊ.

एका बाबतीत मात्र मी पटकथालेखकांच्या बाजूचा आहे. नेहमीच्या आयपी पत्त्यात चार आकडे असतात आणि त्यातला एकही २५५च्या वर जाऊ शकत नाही. १९९५च्या ‘द नेट’ या चित्रपटात त्यातला एक आकडा ७४८ होता. जाणकार हसतात. पण खराखुरा पत्ता दाखवला तर तो जगात कोणाचा तरी असणार, आणि हजारो रिकामटेकडे त्यावर जाऊन थडकणार. अमेरिकी चित्रपटांत फोन नंबर ५५५ने सुरू होतो तोही याच कारणाने. राँग नंबरच्या तक्रारी ऐकत म्हातारा झालेला माणूस यावर हसू शकत नाही.

आता झूमकडे वळू. सगळ्या मालिकांचा खरा देव तोच. चौकातल्या कॅमेऱ्यात रस्ता दिसतो. ‘झूम करो.’ गाडी दिसते. ‘और झूम करो.’ आरसा दिसतो. ‘क्लिअर करो.’ आरशात खुनी दिसतो, आणि त्याच्या चष्म्याच्या काचेत पुढच्या खुनाचा बेत. आमच्या सोसायटीतही या विद्येचा प्रयोग झाला. पाण्याच्या पंपाचा पितळी व्हॉल्व्ह रात्री कोणीतरी काढून नेला. सकाळी नळ कोरडे. एरवी सर्वसाधारण सभेला कोरम होत नाही, त्या दिवशी वॉचमनच्या केबिनमध्ये अख्खी सोसायटी मावली. सेक्रेटरींनी डीव्हीआर लावला. पडद्याच्या डाव्या अर्ध्यात कोळ्याचं जाळं होतं. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांपाशी किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि मग आमचं चित्रीकरण त्याच्या संसारातून आरपार होतं. उरलेल्या अर्ध्या भागात स्कूटरवरून एक धुरकट आकृती आली. नंबर प्लेटच्या जागी लखलखीत पांढरा चौकोन, कारण प्लेट परावर्तक असते आणि इन्फ्रारेड तिच्यावरून सरळ कॅमेऱ्याच्या डोळ्यात जातं. कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २०००. कधीतरी लाइट गेल्यावर घड्याळ मूळपदावर गेलं होतं. त्या हिशेबाने चोरी झाली तेव्हा आमची इमारतच उभी नव्हती, इथे ज्वारीचं शेत होतं.

पण कोणी डगमगलं नाही. ‘झूम करा,’ तिसऱ्या मजल्यावरून आलेले निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले. सेक्रेटरींनी झूम केलं. धुरकट आकृतीच्या जागी सहा राखाडी चौकोन आले. ‘आणखी करा.’ दोन चौकोन. ‘आता क्लिअर करा.’ इथे सगळ्यांनी भाच्याकडे पाहिलं. भाचा म्हणाला की कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही ते नंतर कोणालाही काढता येत नाही. ‘मग टीव्हीवर कसं येतं?’ मुख्याध्यापकांनी विचारलं. त्यांच्या आवाजात, पोर्शन पूर्ण न करता परीक्षेला आलेल्या मुलाबद्दलची नाराजी होती.

आता तर म्हणे चेहरा ‘क्लिअर’ करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही निघाली आहे. ती देते, यात शंका नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात ‘पल्स’ नावाची अशी एक प्रणाली तयार झाली. २०२०मध्ये लोकांनी तिला बराक ओबामांचा अगदी बारीक, चौकोनी चौकोनी झालेला फोटो दिला. तिने स्वच्छ, रेखीव, सुस्पष्ट चेहरा काढून दिला. तो एका गोऱ्या माणसाचा होता. हे यंत्र हरवलेला चेहरा शोधत नाही, शोभेलसा दुसरा रचून देतं. आमच्या दोन राखाडी चौकोनांतून त्याने आनंदाने एक चोर काढून दिला असता, आणि मला खात्री आहे, तो बी विंगमधल्या कोणाशी तरी मिळताजुळता निघाला असता, कारण सोसायटीला तसाच हवा होता.

प्रयोगशाळेबद्दल बोलायचं तर ‘सीआयडी’तल्या डॉक्टर साळुंखे यांच्याविषयी मला आदर आहे. एका परीक्षानळीतलं निळं दुसरीतल्या गुलाबीत ओतून विषाचं नाव, मात्रा आणि विकत घेतल्याचं दुकान सांगणारा माणूस मी खात्यात असतो तर आमच्याकडे डेप्युटेशनवर मागवला असता. प्रत्यक्षात काय होतं, ते आपण रोज पेपरात वाचतो. ‘व्हिसेरा राखून ठेवण्यात आला.’ तो राखतात बरणीत, मिठाच्या संपृक्त द्रावणात, आणि सीलबंद करून न्यायसहायक प्रयोगशाळेकडे धाडतात. राज्याची मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कलिन्याला आहे. ही माहिती मी जेवताना दिली होती. आत्याने लोणच्याची बरणी माझ्यापासून लांब सरकवली. तिथून येतो तो सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात कोणालाही विचारा, ‘सीए रिपोर्ट आला का?’ हा प्रश्न महिनोन् महिने विचारायचा असतो हे सगळ्यांना माहीत असतं. कारण प्रयोगशाळेतले लोक आळशी असतात असं नाही. तर एका साळुंख्यांकडे एका भागात एकच प्रेत येतं, आणि कलिन्यात जिल्ह्याजिल्ह्यांतून बरण्या येतात. डीएनएचंही तेच. ॲलेक जेफ्रीज यांना लेस्टर विद्यापीठात १९८४मध्ये डीएनएवरून माणूस ओळखण्याची वाट सापडली. तेव्हापासून यंत्रं पुष्कळ वेगवान झाली, पण नमुन्यातून डीएनए वेगळा काढायचा, त्याच्या प्रती वाढवायच्या, मग त्याचा आलेख वाचायचा, हे टप्पे जाहिरातीच्या ब्रेकमध्ये बसत नाहीत.

बोटांच्या ठशांची दृश्यं पाहताना मला जास्त वाईट वाटतं. पडद्यावर ठसे भराभर उलटतात, खटखट आवाज येतो, आणि मोठ्या अक्षरांत ‘मॅच’ झळकतं. इतकी खरी आणि इतकी आपली गोष्ट असताना हे कशाला? जगातला पहिला फिंगरप्रिंट ब्युरो १८९७मध्ये निघाला तो कोलकात्यात. तिथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस अधिकाऱ्यांनी दहा बोटांच्या ठशांची गणिती वर्गवारी बसवली आणि १०२४ खणांचं कपाट रचलं. ठसा आला की आकडेमोड करून थेट त्या खणाशी जायचं. सगळे ठसे उलटत बसायची गरजच नाही. पद्धतीला नाव मात्र पडलं साहेबाचं, एडवर्ड हेन्रींचं. म्हणजे विजेविना, बीपविना, कारकुनी डोक्याने १८९७ साली जे काम चोख होत होतं ते आपला मालिकावाला आज संगणकावर चुकीच्या पद्धतीने करतो. शिवाय ज्याचं श्रेय हुकलं असा नायक हवा असेल तर तिथे एक सोडून दोन आहेत.

या सगळ्याचा लोकांच्या डोक्यावर परिणाम होतो, असं अमेरिकेतले वकील म्हणू लागले, आणि ‘सीएसआय’ २००० साली सुरू झाल्यानंतर काही वर्षांतच त्याला ‘सीएसआय इफेक्ट’ हे नाव पडलं. ज्युरीत बसलेले लोक प्रत्येक खटल्यात डीएनए मागतात, नसला तर तोंड वाकडं करतात, अशी तक्रार. तो परिणाम खरंच किती, यावर तिकडे वाद आहेत. आपल्याकडे तो प्रश्नच नाही. नानावटी प्रकरणानंतर फौजदारी खटल्यांतली ज्युरी मोडीत निघाली आणि १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. मात्र कायदेमंडळाचं एका गोष्टीकडे दुर्लक्ष झालं. गृहनिर्माण संस्थेची सर्वसाधारण सभा त्यांनी तशीच ठेवली.

त्या सभेने व्हॉल्व्हचा तपास हाती घेतला. पंपाच्या खोलीच्या दारावर ठसे असणार, म्हणून कोणी हात लावू नये, असं ठरलं. हे ठरेपर्यंत प्रत्येकाने ते दार उघडून आत डोकावलं होतं. एका काकूंनी तालीम म्हणून टाल्कम पावडर शिंपडली. त्यात वॉचमनचे, प्लंबरचे आणि खुद्द काकूंचे ठसे सुरेख उमटले. शेवटी ठाण्यातून एक हवालदार आले. त्यांनी खोलीकडे पाहिलं, पावडरीकडे पाहिलं, दीर्घ श्वास घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘पंच म्हणून कोण सही करणार?’

इतका वेळ बोलणारी गर्दी पांगली. कुणाला डबा आठवला, कुणाला शाळेची बस. खुनी पकडायला सगळे तयार होते, सही करायला कोणी नाही. तिथे मला लख्ख दिसलं की मालिकावाले यंत्रांबद्दल जे खोटं बोलतात ते किरकोळ आहे. त्यांनी तपासातलं खरं तंत्रज्ञानच कधी दाखवलेलं नाही, आणि ते तंत्रज्ञान म्हणजे कागद. पंचनामा, मुद्देमालाची पावती, लाखेचं सील, जावक क्रमांक. फूटेज पेन ड्राइव्हवर दिलं की पुरावा झाला, असं आपल्याला वाटतं. हवालदार म्हणाले, सोबत दाखला लागेल. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खाली द्यायचा हा दाखला, आधीच्या कायद्यातल्या ६५-ब या प्रसिद्ध कलमाचा वारस. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची. हे अंक-अक्षरांचं एक लांबलचक शेपूट असतं, आणि फाइलमधला एक ठिपका बदलला तरी ते बदलतं. शिवाय यंत्र व्यवस्थित चालत होतं असं जबाबदार माणसाने लिहून द्यायचं. सेक्रेटरींनी १ जानेवारी २००० या तारखेकडे पाहिलं, कोळ्याकडे पाहिलं आणि पेन खिशात परत ठेवलं.

कागदाच्या तुकड्यात काय नाट्य, असं ज्यांना वाटतं त्यांनी जालन्याकडे पाहावं. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर तिथून २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी कोर्टात सांगितलं की खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर दाखल झाला, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरणच त्याला साक्षी आहे. मग चित्रीकरणाच्या सीडींना दाखला हवा की नको, अधिकारी मागूनही तो देत नसतील तर काय, यावर वाद चालला. प्रकरण औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १४ जुलै २०२० रोजी त्या न्यायालयाने असा दाखला लागतोच, हा नियम पक्का केला. पक्षकाराने सगळे प्रयत्न करूनही तो मिळत नसेल तर मात्र सूट. दुपारचे तीन, कार्यालयातला कॅमेरा, २९६ मतं, एक न मिळालेला कागद, आणि देशभरच्या कोर्टांवर परिणाम. यात कोणाचा गळा दाबलेला नाही, म्हणून मालिका निघत नाही.

मालिकांनी निदान या कागदांमागची दिरंगाई दाखवायला हवी होती, असं मी बायकोला म्हटलं. ती म्हणाली, ‘म्हणजे आम्ही रात्री दहा वाजता सर्व्हर डाऊन बघायचं?’ मुद्दा बिनतोड होता. पण ती न दाखवण्याचा फायदा ज्यांनी उठवला ते प्रेक्षक नव्हेत, भामटे. ‘डिजिटल अरेस्ट’ हा त्यांचा खेळ म्हणजे मालिकांचंच पुढचं पर्व. व्हिडिओ कॉल येतो. समोर गणवेश, मागे बोधचिन्ह, टेबलावर झेंडा. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडलेत, तुमचं आधार मनी लाँडरिंगमध्ये आलंय, कॅमेरा बंद करू नका, कोणाशी बोलू नका, पैसे ‘पडताळणी’साठी पाठवा. शिकलेसवरलेले लोक यात आयुष्याची पुंजी घालवून बसले. २७ ऑक्टोबर २०२४च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांना सांगावं लागलं की अशी अटक कायद्यात नाहीच. लोक फसले ते अडाणी होते म्हणून नव्हे. एका बटणासरशी फाइल उघडते, साहेब जागेवर असतात, आरोप, चौकशी आणि न्यायालय एका बैठकीत उरकतं, हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं होतं. भामट्यांनी फक्त सेट उभारला, प्रेक्षक आधीच तयार होता.

असा फोन आमच्या आत्यालाही आला. मी घाबरलो, कारण तिच्याइतका तयार प्रेक्षक महाराष्ट्रात नसेल. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. आत्या रात्री ‘सीआयडी’ बघणारी असली तरी दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला देणारीही आहे. जिवंत असल्याचा पुरावा देण्याचा तिचा अनुभव दांडगा.

तिने साहेबांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘पंच कोण आहेत?’ साहेब म्हणाले, कसले पंच? तिने विचारलं, ‘मी अर्ज दिला तर पोच मिळेल का?’ साहेब म्हणाले, अर्जाची गरज नाही, सगळं ऑनलाइन आहे. आत्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दुपारचे सव्वातीन झाले होते. ‘तुमचा सर्व्हर चालू आहे?’ तिने विचारलं. ‘चालू आहे,’ साहेब गरजले, ‘तुमची फाइल माझ्यासमोर उघडलेली आहे.’

आत्याने फोन कट केला.

पैसे गेले नव्हते, तरी भाच्याने १९३० या हेल्पलाइनवर कळवलं आणि तो तिला ठाण्यात घेऊन गेला. साहेब राउंडला गेले होते. बाकावर बसा म्हणाले. पंखा होता, पण वारा पलीकडच्या बाकाला लागत होता. बऱ्याच वेळाने जबाब लिहून घेणाऱ्याने मान वर न करता आधार कार्ड मागितलं, दिलं तर म्हणाला, असं नाही, समोरच्या दुकानातून काढून आणा. आत्या घरी आली ती समाधानाने उजळलेली.

‘हे मात्र खरे पोलीस हं,’ ती म्हणाली. ‘दोन झेरॉक्स मागितल्या.’